अग्नीचा मान आणि इस्टेटीचा वाटा

वडील गेले की घरात दोन प्रश्न उभे राहतात: अग्नी कोण देणार आणि घर कोणाच्या नावावर होणार. आपण ते एकमेकांत गुंतवून ठेवले आहेत. मडके खांद्यावर घेईल तोच खरा वारस, ही समजूत अजून जात नाही. म्हणूनच मुलगी पुढे झाली की चुलत्यांच्या कपाळाला आठी पडते. या समजुतीला आपल्याकडच्या परंपरेचाही आधार नाही. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ या ग्रंथाने वारसा पिंडदानाशी जोडला. महाराष्ट्रात चालली ती विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही टीका, आणि तिने वारस ठरवणाऱ्या ‘सपिंड’ या शब्दाचा अर्थ पिंड देणारे असा नव्हे, तर एकाच देहाचे अंश असलेले रक्ताचे नातलग, असा लावला. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही दिला. चितेला अग्नी कोणी दिला, हे त्यात कुठेच विचारलेले नाही.

इस्टेटीचे काय करायचे ते कायदा तरी सांगतो, देहाचे काय? केरळमधले ज्येष्ठ मार्क्सवादी नेते एम. एम. लॉरेन्स २१ सप्टेंबर २०२४ रोजी वारले. देहदानाची इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती, असे मुलाचे म्हणणे. ख्रिस्ती रीतीने दफन व्हावे, हा मुलीचा आग्रह. एर्नाकुलमच्या टाऊन हॉलमध्ये अंत्यदर्शनाच्या वेळी पार्थिवापाशीच झटापट झाली. तिथला कायदा साक्षीदारांसमोरची तोंडी इच्छाही मानतो. उच्च न्यायालयाने देहदान उचलून धरले, पण अपील होऊन वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथे जानेवारी २०२५मध्ये मुलीची याचिका फेटाळली गेली. एक लेखी कागद असता तर बापाच्या देहावरून भावंडे इतकी ताणली गेली नसती, असे मला ठामपणे वाटते.

गेलेल्याला काय कळते, सांत्वन मागे राहिलेल्यांना हवे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण मागे राहिलेल्यांपैकी कोणाला? दोन लेकरांना दोन गोष्टी हव्या असतील, तर दोघांनाही मान्य व्हावा असा एकच शब्द उरतो, तो गेलेल्याचा. मृत्युपत्र आहे, मग वेगळा कागद कशाला, हा दुसरा आक्षेप. मृत्युपत्र बहुधा तेरावा झाल्यावर उघडतात, आणि नेत्रदान तर सहा तासांच्या आत व्हावे लागते. शिवाय मृत्युपत्र असूनही वाद होतातच. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर २०१३मध्ये गेले, मृत्युपत्र होते, पण काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावे होती. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे ठरायला डिसेंबर २०२३ उजाडला, तेही सर्वोच्च न्यायालयात.

म्हणून थोरल्यांना विनंती: दोन कागद करा. इस्टेटीचे मृत्युपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनी, नॉमिनींची नावे त्याच्याशी ताडून. आणि देहाबद्दलची इच्छा वेगळ्या कागदावर. तो दुसरा कागद कपाटात ठेवू नका. लेकी, सुना, मुलगे, जावई एकत्र बसलेले असताना स्वतः वाचून दाखवा.