निकाल दिल्लीत, मरण गोवंडीत

२३ डिसेंबर २०१९ रोजी गोवंडीतील एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करण्यासाठी ठेकेदाराने तीन कामगार आत उतरवले. तिघेही गुदमरून मेले. कोणत्या समाजाची माणसे अशा टाकीत उतरतात हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आम्हाला बोलायचे आहे ते त्या मरणानंतर जे घडले, त्याविषयी.

या तिघांच्या विधवांचा हक्क त्या दिवशी कायद्याने आधीच ठरलेला होता. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ साली दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी निकाल दिला : १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या. संविधानाच्या कलम १४१ प्रमाणे असा निकाल देशातल्या प्रत्येक न्यायालयावर बंधनकारक असतो आणि कलम १४४ प्रमाणे सर्व मुलकी अधिकाऱ्यांनी त्याच्या अंमलबजावणीला साहाय्य करायचे असते. मुलकी अधिकारी म्हणजे आपले जिल्हाधिकारीसुद्धा! मग त्यांच्या कार्यालयातून या बायकांच्या घरी धनादेश का गेला नाही?

तो गेला नाही म्हणून त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. ठेकेदार खासगी, सोसायटी खासगी, मग सरकारने पैसे का द्यावेत, असा तिथला वाद. न्या. उज्जल भुयान आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने १७ सप्टेंबर २०२१ रोजी सरकारची जबाबदारी स्पष्ट केली. प्रत्येकीला दहा लाख द्या, आणि ही रक्कम दोषींकडून वसूल करायची असेल तर ती सरकारने करावी, असा आदेश झाला. म्हणजे २०१४ साली मिळालेला हक्क २०२१ साली पुन्हा मिळवावा लागला. पावणेदोन वर्षे घर कसे चालले असेल याचा हिशेब कोणत्या फायलीत आहे?

आपल्या वस्तीत कोर्ट म्हटले की कुर्ल्याचे कोर्ट आठवते. पोलीस, जामीन, तारीख. पण तिथला खटला आरोपीला शिक्षा व्हावी यासाठी असतो, आणि तो वर्षानुवर्षे चालतो. सरकार आपले कर्तव्य करीत नसेल तर त्याला जाब विचारण्याचा मार्ग वेगळा आहे. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे कलम ३२ हे बाबासाहेबांनी संविधान सभेत संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हणून गौरवले होते. कलम २२६ खालचा उच्च न्यायालयाचा अधिकार तर त्याहून व्यापक आहे. तिथे इतर कायदेशीर हक्कांसाठीही दाद मागता येते. हार्बर लाईनने फोर्टात पोहोचायला तासभर लागतो. पण आपल्यासाठीही तो दरवाजा आहे हे आपल्याला कोणी सांगितलेलेच नसते.

वकिलाच्या फीचा प्रश्न येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला माणूस यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा क्रमांक त्यासाठीच आहे. ही मदत म्हणजे मेहेरबानी नव्हे, कलम ३९-अ ने राज्यावर टाकलेली जबाबदारी आहे. मोफत वकील कामचुकार असतो ही तक्रार काही वेळा खरी असते. तेव्हा वकील बदलून मागावा; पण हक्कच सोडून देणे परवडणारे नाही.

आणखी एक मेख आहे. २०१३ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे या कायद्याखालच्या गुन्ह्याची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत व्हावी लागते. घरात सुतक, कमावता माणूस गेलेला, आणि ठेकेदाराची माणसे समझोत्याचा कागद घेऊन दारात. तीन महिने असेच निघून जातात. ही मुदत कोणाच्या सोयीची आहे ते उघड आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने मैला आणि गटार साफ करून घेण्यावर बंदी घातली. जे आधीच बेकायदा आहे त्यावर पुन्हा बंदी! न्यायालय हताश झाल्याचीच ही खूण आम्ही मानतो.

तोवर निदान एवढे व्हावे. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही भरपाई तीस लाख झाली आहे आणि पूर्वीच्या ज्या मृतांच्या वारसांना काहीच मिळालेले नाही त्यांनाही तोच दर सांगितला आहे. अशी घरे आपल्या आसपास आहेत. एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडून वांद्र्याला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर हीच पोच उच्च न्यायालयात कामाला येते.