सांध्याची मजुरी

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. पोते वजनात घटले, तर त्यात पसाभर धान्य ओतून आम्ही स्वस्थ बसत नाही. शिवण उसवली आहे काय, उंदराने भोक पाडले आहे काय, हे प्रथम पाहतो. परंतु घरच्या वातानुकूलन यंत्राच्या बाबतीत आम्ही हाच साधा व्यवहार विसरलो, हे सभासद बंधुभगिनींपुढे प्रांजळपणे कबूल करणे आम्ही कर्तव्य समजतो.

हैदराबादचा मे महिना सर्वांच्या परिचयाचा आहे. पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. आमच्या वृद्ध मातोश्रींच्या खोलीसाठी आम्ही दोन भागांचे यंत्र घेतले. यंत्राचा भाव चार दुकानांत विचारला आणि बसविणाऱ्या कारागिराशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस केली. त्यानेही तासाभरात काम उरकले. पुढच्या उन्हाळ्यात खोली थंड होईना. ‘गॅस संपला’ म्हणून त्याने गॅस भरला. त्यापुढील उन्हाळ्यात पुन्हा तेच घडले आणि मातोश्रींनी कित्येक रात्री कपाळावर ओल्या घड्या ठेवून काढल्या. अखेर एका अनुभवी कारागिराने नळीच्या सांध्यास साबणाचा फेस लावला, तो तेथून बुडबुडे निघू लागले.

तेव्हा आम्हांस उमगले की, यंत्रातील गॅस रॉकेलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस आतील व बाहेरील भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला, याचा अर्थ तो कोठेतरी गळाला. ही गळती बहुधा सांध्यातच असते. नळी करवतीने न कापता कटरने कापावी, आतील कीस खाली झाडून काढावा, नट आधी ओवून मगच नळीचे तोंड कर्ण्यासारखे फुलवावे, आणि नट हाताने सरळ बसवून नंतर मापाच्या पान्याने आवळावा. तोंड चिरले किंवा नट वाकडा बसला, की गळती ठरलेली.

दुसरी गोष्ट ओलीची. ओले धान्य गोदामात भरले तर काय होते, हे आपणांस सांगावयास नको. नळीत हवा व दमटपणा राहिला, तर तो यंत्रातील तेलात मिसळून आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसर कुरतडला जातो. म्हणून सांधे तपासल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्या निर्वात कराव्या व त्यानंतरच गॅसच्या झडपा उघडाव्या. पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा हाकलण्याची जुनी रीत आता सर्वस्वी त्याज्य होय. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांतील आर-३२ गॅसचा दाब जुन्या आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो, व तो काही अंशी ज्वलनशीलही आहे. शिवाय तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता वाढवितो. अशा वायूंचा वापर घटविण्यासाठी २०१६ साली किगाली येथे झालेल्या करारास भारतानेही २०२१ साली मान्यता दिली आहे. तेव्हा आपल्या भिंतीवरील गळका सांधा ही केवळ आपली खासगी बाब राहिलेली नाही.

कोणी म्हणतील, हे कारागिराचे काम, व्यापाऱ्याने त्यात का पडावे? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच, तरी आमचे मत स्पष्ट आहे. दोष एकट्या कारागिराचा नव्हे. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोंबकळणाऱ्या माणसाची मजुरी आपण तोडतो. मग तो पंपाचा अर्धा तास तोडतो. हिशेब दोन्हीकडे सारखाच जुळतो आणि तोटा आपल्याच खाती पडतो.

सबब आमची नम्र सूचना अशी की, आपल्या संघाने प्रशिक्षित कारागिरांची एक यादी ठेवावी, व प्रत्येक सभासदाने पूर्ण मजुरी देऊन पंप लावलेला स्वतः उभे राहून पाहावा. काटा तपासल्यावाचून आपण माल उचलत नाही. येथेही तोच नेम पाळावा, एवढेच आमचे मागणे आहे.