यंत्र नवे, मजकूर जुना

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वसाधारण आधार काढून घेतला आणि जगातील असंख्य संगणकांपुढे नव्या प्रणालीकडे जाण्याचा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या सुधारणा आणखी वर्षभर घेण्याची सोय कंपनीने ठेवली. संस्थांनाही शुल्क भरून मुदत वाढवून घेण्याची मुभा दिली. परंतु मुदत म्हणजे मुक्तता नव्हे. कल्याणजवळच्या मोहन्यातील एखाद्या शाळेचे कार्यालय असो, टंकलेखनाचे दुकान असो की पतपेढीची खिडकी असो, हा प्रश्न तेथवर पोचल्यावाचून राहत नाही.

प्रणाली बदलूच नये, असे म्हणण्यात अर्थ नाही. जिच्यातील भगदाडे बुजवली जात नाहीत अशा प्रणालीवर विद्यार्थ्यांची माहिती आणि पगाराचे हिशेब ठेवणे म्हणजे दाराची कडी मोडली असताना तिजोरी त्याच खोलीत ठेवण्यासारखे आहे. वाद बदलाचा नसून बदलाच्या रीतीचा आहे. संगणक 'विंडोज ११'साठी पात्र आहे की नाही हे सांगणारी एक छोटी आज्ञावली कंपनीने दिली आहे. प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, मेमरी निदान ४ जीबी व साठवणुकीची जागा ६४ जीबी आहे काय, टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आहे काय, इतके ती पाहते आणि यंत्र पात्र असेल तर हिरवी खूण दाखवते. त्या हिरव्या खुणेवर विसंबून कार्यालये निश्चिंत होतात. वस्तुतः ही परीक्षा यंत्राची आहे, कामाची नव्हे. त्या यंत्रावर आज चालणारे कोणते सॉफ्टवेअर उद्या चालेल, याचे उत्तर ती देत नाही.

जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर न तपासता चढवली तर काय घडते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. युरोपच्या 'एरियन ५' या अग्निबाणात आधीच्या 'एरियन ४' मधील आज्ञावलीचा काही भाग तसाच घेतला होता. जुन्या बाणावर ती निर्दोष चालली होती. नव्या बाणाचा वेग मात्र वेगळा होता. एक आकडा त्यासाठी राखलेल्या १६ बिटांच्या जागेत मावेना, आणि उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत बाणाचा चक्काचूर झाला. आज्ञावलीत नव्याने चूक शिरली नव्हती. तिच्याभोवतीचे जग बदलले होते, आणि त्या बदललेल्या जगात तिची चाचणी कोणी घेतली नव्हती.

शाळेच्या किंवा पतपेढीच्या कार्यालयात स्फोट होत नाही, म्हणून तेथील हानी लवकर ध्यानात येत नाही. 'विंडोज ११' केवळ ६४ बिटांची आहे. ३२ बिटांची आवृत्ती काढलेलीच नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांची बहुतेक सॉफ्टवेअरे चालतात. परंतु डॉसच्या काळातील आणि १६ बिटांची चालत नाहीत. फॉक्सप्रोमध्ये कोणा होतकरू तरुणाने पंचवीस वर्षांपूर्वी करून दिलेला पगारपत्रकाचा कार्यक्रम यात सापडण्याचा संभव मोठा. जुना प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचे टोकन यांना नव्या प्रणालीसाठी वेगळे ड्रायव्हर लागतात, आणि उत्पादकाने ते काढले नसतील तर चांगले उपकरणही निकामी ठरते. उलटपक्षी शालार्थसारखी कामे ब्राउझरमधून होतात. त्यांची फारशी चिंता नको. कशाची चिंता करावी आणि कशाची करू नये, हे आधी ठरवणे यालाच तपासणी म्हणतात.

मराठीच्या बाबतीत चिंतेची यादी अधिक लांब होते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर संगणकात बहुधा मराठी म्हणून साठवला जातच नसे. रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरीचे अवयव बसवलेले असत. फाइलीत संकेत रोमनचे, पडद्यावर रूप मराठीचे. फॉन्ट जागेवर आहे तोवर परिपत्रक वाचता येते. फॉन्ट नाहीसा झाला की त्याच जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांनी मराठी कार्यालये व छापखाने संगणकावर आणले, हे त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु अशा सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या त्या त्या काळच्या विंडोजसाठी घडवलेल्या होत्या. त्यांचा कळफलक चालवणारा भाग, किंवा ज्या डोंगलवाचून काही सॉफ्टवेअर उघडतच नाही तो डोंगल, नव्या प्रणालीत चालेलच अशी खात्री देता येत नाही. रेमिंग्टन कळफलकावर ज्यांची बोटे वर्षानुवर्षे बसली आहेत त्यांना विंडोजमधील इनस्क्रिप्ट कळफलक अनोळखी वाटतो. कळफलकाची सोय गेली की कुशल लेखनिकही एका दिवसात नवशिका ठरतो. पेजमेकरमध्ये जुळवलेल्या प्रश्नपत्रिका आणि स्मरणिका यांची गत आणखी बिकट आहे. ते सॉफ्टवेअर कधीच थांबले, आणि त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या त्या फाइली उघडत नाहीत.

जुन्या नोंदींचे मोल मोहन्याला निराळे सांगावयास नको. ज्या नॅशनल रेयॉनच्या भोंग्यावर हे गाव वाढले, तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला, आणि हजारो कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. अशा लढ्यात कोण किती वर्षे कामावर होता, त्याचा पगार किती होता, त्याच्या निधीत किती भरणा झाला, हे सांगणारी नोंदच दुर्बळाच्या हाती उरलेले साधन असते. ती नोंद संगणकात आहे पण उघडत नाही, असे उत्तर मिळाले तर ती असून नसल्यासारखीच. शाळेचा दाखला, शिक्षकाचे सेवापुस्तक, पतपेढीतील ठेवीचा उतारा यांना हाच न्याय लागू आहे.

म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी चार कामे क्रमाने व्हावयास हवीत. पहिले, कार्यालयातील प्रत्येक सॉफ्टवेअर, फॉन्ट, प्रिंटर व टोकन यांची लेखी यादी करावी आणि ज्याने ते विकले त्याच्याकडून नव्या प्रणालीविषयी लेखी उत्तर घ्यावे. दुसरे, सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. तिसरे, एकाच यंत्रावर प्रयोग करावा आणि पगारपत्रकापासून छपाईपर्यंत एक पूर्ण काम त्यावर पार पाडावे. विंडोज बदलल्यावर मागे फिरण्याची वाट एरवी दहाच दिवस मोकळी असते; पगार महिन्यातून एकदा निघतो. तेव्हा निदान एक जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून तसेच राखणे शहाणपणाचे. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, परंतु ती जोडाक्षरांत आणि रफारात चुकतात. म्हणून छापील प्रतीशी ताडून पाहिल्याखेरीज मूळ फाइल पुसू नये. जुनी प्रणाली जिवंत असतानाच हे काम सुलभ आहे. ती गेल्यावर तेच काम दुप्पट खर्चाचे होते.

हे सर्व एकट्या लिपिकाच्या माथी मारून भागणार नाही. मार्चअखेरीच्या धांदलीत किंवा परीक्षेच्या तोंडावर 'आजच बदलून टाका' असे फर्मान काढणारे व्यवस्थापन पुढे झालेल्या गोंधळाचे खापर त्याच लिपिकावर फोडते. या कामाला मे महिन्याची सुटी द्यावी, थोडा पैसा द्यावा, आणि नवे सॉफ्टवेअर घेताना करारातच दोन अटी घालाव्यात: मजकूर युनिकोडमध्येच साठवला जाईल, आणि संस्थेची माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात केव्हाही बाहेर काढता येईल. 'विंडोज ११' ही काही शेवटची प्रणाली नव्हे. पुढच्या खेपेस हीच वेळ येईल तेव्हा ज्या संस्थेपाशी यादी, तपासलेली प्रत आणि युनिकोडमधील मजकूर असेल, तिचे काम एका सुटीत आटोपेल. बाकीच्यांना आपलाच दाखला आपल्याला वाचता येत नाही, हे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सांगावे लागेल.