बॅगा कोण सांभाळणार?

प्रत्येक फॅमिली ट्रिपमध्ये एक माणूस बॅगा सांभाळणारा असतो. आमच्याकडे गेली नऊ वर्षं ती पोस्ट माझी. पर्मनंट. प्रतापगड? बॅगा. वेण्णा लेकचं बोटिंग? बॅगा. कोकणातलं देऊळ? बॅगा, आणि शिवाय सगळ्यांच्या चपला. खुर्ची कायम सोबत, मांडी रिकामी, एवढं क्वालिफिकेशन दुसऱ्या कुणाकडे आहे?

तर अशा या बॅगा-एक्स्पर्टला मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून ताईचा फोन. "एप्रिलमध्ये तुम्ही तिघं इकडे या. सगळे मिळून ऑर्लंडोला जाऊ. डिस्ने वर्ल्ड!" मागून सहा वर्षांची भाची ओरडली, "मावशी, राइडमध्ये तू माझ्याच बाजूला बसायचं. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस देऊन मोकळी झाले. फोन ठेवला आणि घाम फुटला. तोही फक्त वरच्या अर्ध्या भागाला. मणक्याला माझ्यासारखा छातीच्या पातळीवर मार बसला की त्याखाली घाम येणं जवळजवळ बंद होतं, अंग थंडच होत नाही. म्हणून तर फ्लोरिडातले जून-जुलै मी पहिल्या मिनिटाला कटाप केले. एप्रिल चालेल.

"अमेरिकेत काय, सगळीकडे रॅम्प असतात," ऑफिसातल्या प्रत्येकाने मला हे सांगितलं. बरोबर आहे. अपंगांच्या हक्कांचा त्यांचा कायदा १९९० सालचा आहे आणि दार किमान ३२ इंच मोकळं हवं, इतपत बारकावे त्याच्या नियमांमध्ये आहेत. मला ३२ इंच ऐकूनच भरून आलं. महाबळेश्वरच्या एका हॉटेलने फोनवर "हो मॅडम, एकदम व्हीलचेअर फ्रेंडली" म्हणून सांगितलं होतं. जाऊन बघते तर दारात चार पायऱ्या. मॅनेजर म्हणाला, "टेन्शन कशाला घेता? चार माणसं देतो ना उचलायला!" वर बाथरूमचं दार माझ्या खुर्चीपेक्षा दोन इंच कमी. तीन दिवस मी काय केलं ते विचारू नका. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल एक वेळ, मेजरिंग टेप असतेच.

पण तिकडेही 'ॲक्सेसिबल रूम' एवढंच वाचून बुक करू नका. त्यात दोन प्रकार असतात. एकात दांडे लावलेला बाथटब, दुसऱ्यात उंबरठ्याशिवायचा शॉवर, ज्याला ते रोल-इन म्हणतात. टब माझ्या काय कामाचा? रोल-इन मागायचा, आणि पलंगाची उंचीही विचारून घ्यायची.

विमानाचंही तसंच. व्हीलचेअर मागणाऱ्यांसाठी तीन कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना नाही, पण सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. मी तिसरी. दोन वर्षांपूर्वी एका कॉल सेंटरवाल्याने माझ्या तिकिटावर पहिला कोड टाकला. टरमॅकवर, विमानाच्या शिडीखाली बसून मी वर बघतेय आणि खालचा माणूस विचारतोय, "मॅडम, थोडं तरी चालाल ना?" त्यामुळे कोड स्वतः तपासा. खुर्ची विमानाच्या दारापर्यंत स्वतःची वापरा, उतरल्यावर ती दारातच परत मागा, आणि गादी काढून केबिनमध्ये जवळ ठेवा. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात ती गादी म्हणजे जीव आहे.

जीजूंना या सगळ्यात भलताच इंटरेस्ट. कारण त्यांचा फंडा असा, की मी बरोबर असले की लाइन नाही! "तुझ्या जिवावर आम्ही सगळे डायरेक्ट आत." मी त्यांना सांगितलं की त्यांना उशीर झाला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरात बातमी आली होती, श्रीमंत कुटुंबं रांग टाळायला अपंग गाइड भाड्याने घेतात म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेने जुना पास बंद करून नवी पद्धत आणली. २०२४ मध्ये ती आणखी कडक केली, आता ती मुख्यतः ऑटिझमसारख्या कारणांनी रांगेत थांबणंच कठीण असलेल्यांसाठी आहे. व्हीलचेअरवाल्यांनी शक्यतो सगळ्यांसारखी रांग लावायची, कारण बहुतेक रांगांमधून खुर्ची जाते. जीजू हिरमुसले. मला मात्र हे जाम आवडलं. बाकीच्यांबरोबर रांगेत कंटाळण्याची चैन आपल्याकडे मला कुठे मिळते?

मग मी काय केलं? ऑफिसवाली मुलगी करते ते. एक्सेल शीट! हिरवा रंग म्हणजे खुर्चीसकट आत. पिवळा म्हणजे खुर्चीतून राइडच्या सीटवर सरकायचं. लाल म्हणजे ज्यांना चालता येतं त्यांच्यासाठीच.

हिरव्यांची यादी बघून मी खूश. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'मध्ये खुर्ची बसेल अशी बोट आहे. जंगल क्रूझ हिरवी, अलादीनचे उडते गालिचे हिरवे, ॲनिमल किंगडममधली सफारीसुद्धा हिरवी. पार्किंगपासून मॅजिक किंगडमला जायला तळं ओलांडावं लागतं, त्यासाठी मोनोरेल आहे आणि फेरीबोटही आहे, आणि दोन्हीत खुर्ची जाते. फेरीचं वाचलं आणि एकदम एस्सेलवर्ल्ड आठवलं. शाळेच्या ट्रिपला गोराईला लाँचमधून गेलो होतो, उडी मारून उतरले होते मी. ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. असो.

लाल रंगात भाचीची सगळ्यात लाडकी राइड आली. पीटर पॅन. तिथे चढायचा पट्टा सतत सरकत असतो, थांबवत नाहीत. तिला अजून सांगितलेलं नाही.

खरी गोची पिवळ्या रंगाची. तिथला स्टाफ पाहुण्यांना उचलत नाही, नियमच आहे. उचलायचं तर बरोबरच्या माणसांनी. हे वाक्य मी जेवताना मोठ्याने वाचलं, ही माझी चूक. बाबांनी पोळीचा घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मग मी आहे की."

बाबा ६८ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालंय. अपघातानंतर पहिली दोन वर्षं त्यांनी मला उचललं, पलंगावरून, गाडीतून, एकदा तर लिफ्ट बंद म्हणून तीन मजले. तेव्हा इलाज नव्हता. आता मी ३१ वर्षांची आहे, होम लोन भरते, टीममध्ये सात जण माझ्या हाताखाली आहेत. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याचा वजनाशी काय संबंध?" आई हसायला लागली. मी नाही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गॅलरीत तांदळाचं पोतं उचलून बघताना दिसले.

मग आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, इतक्या लांब जाऊन पोरीने बाहेर बसायचं नाही. माझं म्हणणं, त्यांची पाठ मोडून मला आत जायचं नाही. शेवटी तह झाला. जे मला स्वतःला, स्लायडिंग बोर्ड लावून, कुणाचा हात न लागता जमेल तेच पिवळं ठेवायचं. बाकी सगळं लाल.

आता सोसायटीतल्या एका काकांची जुनी मारुती ८०० माझी राइड झालीय. सीट खाली आहे, म्हणून प्रॅक्टिसला झक्कास. माझी फिजिओ म्हणते, खालच्या सीटवर जायला बोर्ड म्हणजे घसरगुंडी, परत वर येणं हीच परीक्षा. तिने बघून सांगितलं की स्पेस माउंटनचा नाद सोड, तिथली सीट फारच खाली. सोडला. शीटमध्ये लाल केलं आणि पाच मिनिटं कुणाशी बोलले नाही.

मागच्या रविवारी तीनदा प्रयत्न केला. बाबा समोर बाकावर, हात खिशात, ही माझी अट. पहिल्यांदा बोर्ड सटकला. दुसऱ्यांदा अर्ध्यात अडकले. तिसऱ्यांदा तोल गेला तेव्हा त्यांचे हात खिशातून बाहेर आले होते. मी नुसतं बघितलं. हात परत आत गेले.

चौथ्यांदा खुर्चीत पोचले. साडेसहा मिनिटं. राइडवाले एवढं थांबतील का, ते ताई विचारून सांगणार आहे. आज परत रविवार, आणि बाबा आत्ताच काकांकडून गाडीची किल्ली घेऊन आलेत.