ढोरं गेली, जमिनीचा कस गेला



माती तपासून आणली की कागदावर लिहून येते, 'सेंद्रिय कर्ब कमी'. खाली सल्ला असतो, शेणखत टाका. ते आणायचे कुठून, हे कागद सांगत नाही.

आधी हिशेब करू. एका एकरातल्या वरच्या अर्धा फूट मातीचे वजन भरते सुमारे ८०० टन. कर्ब ०.४ टक्क्यावरून ०.५ वर न्यायचा तर ८ क्विंटल कर्ब मातीत वाढून टिकला पाहिजे. शेणखतातला बराचसा कर्ब आपल्या उन्हात कुजून हवेत जातो. म्हणजे हे एका बंडीचे काम नाही, एका वर्षाचेही नाही.

आपले बापजादे हे काम ढोरांकडून करून घेत. वेचणी संपली की पऱ्हाटीत ढोरं सुटत. धनगरांच्या मेंढ्या रात्री वावरात बसवत. ज्वारी होती तोवर कडबा होता. सोयाबीन आले, हाती कुटार राहिले.

आज गावची सारी ढोरं रोज सगळ्या ई-क्लासवर फिरतात. मारवेल, पवन्या वर येण्याआधीच खुडले जातात, कुसळ तेवढे उरते. चरलेल्या गवताला विसावा मिळाला तर ते पुन्हा पाने आणि मुळे धरते. जुनी मुळे जागीच कुजतात. मातीतला कर्ब तिथून येतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. ई-क्लासचे चार भाग करा. एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवा, दरवर्षी तो बदला. उरलेल्या तिन्हींत दहा-दहा दिवस पाळीने चारा. हिवरे बाजारने चराईबंदी केली, गवत कापून नेले, चारा वाढला. पण सरसकट बंदीत दोन शेळ्यांवर जगणारा भूमिहीन मरतो. आम्हाला बंदी नको, पाळी हवी. झिंबाब्वेचे अॅलन सेव्हरी म्हणतात, अशा चराईने जगाचे हवामान सुधारेल. अनेक शास्त्रज्ञांना ते पटलेले नाही. आम्हीही तेवढे म्हणत नाही. आधी गवत वाढेल, मग खत, कर्ब सावकाश.

पण पाळी लावायला दावणीला ढोर तर हवे! १९७६ च्या कायद्याने राज्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती. २०१५ मध्ये बैल-गोऱ्ह्यांचीही त्यात भर पडली. थकलेला बैल विकून नव्याला हातभार लावायची वाट बंद झाली. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गाई-बैल होते, २०१९ मध्ये १ कोटी ४० लाखांच्या आत आले. ट्रॅक्टर आला, चारा घटला, ही कारणे आहेतच. पण म्हाताऱ्या बैलाचा चारा कोणी द्यायचा, याचे उत्तर कायदा करणाऱ्यांनी दिलेले नाही.

गाईची पूजा करायला शेतकऱ्याला कोणी शिकवू नये. पोळा आपणच साजरा करतो. ढोर पाळणे परवडू द्या, जमिनीचा कस आम्ही परत आणू.

पाऊस पडायच्या आत ग्रामसभेत ई-क्लासच्या पाळीचा ठराव घ्या. ढोरकी, मेंढपाळ आणि भूमिहीन यांना सोबत बसवून घ्या. त्यांच्याशिवाय पाळी टिकणार नाही.