डिंडोलीतील उत्तर म्हापशात चालत नाही

सुरतेतील डिंडोली हा मराठीला परका परिसर नव्हे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून कापडधंद्याच्या ओढीने निघालेली असंख्य कुटुंबे उधना, लिंबायत आणि डिंडोली या पट्ट्यात स्थिरावली. तिथे अहिराणी आजही कानी पडते. जिओने जेमिनी आणि एअरटेलने परप्लेक्सिटी २०२५ मध्ये ग्राहकांना विनामूल्य देऊ केल्यावर, पूर्वी करसल्लागाराकडे जाणारा प्रश्न अशा घरांतून भ्रमणध्वनीवरच विचारणे सोपे झाले. तेही मराठीतून. गोव्यातही हीच सोय आहे आणि मिळणारे उत्तरही बहुधा तेच असते. अडचण नेमकी तिथेच आहे.

समजा, डिंडोलीतील एका कापड दलालाचे करपात्र उत्पन्न दलाली आणि भाडे मिळून वर्षाला १८ लाख रुपये आहे आणि पत्नीला स्वतंत्र उत्पन्न नाही. नव्या करप्रणालीच्या २०२५-२६ च्या दरांनुसार त्याचा कर १ लाख ६० हजार आणि ४ टक्के उपकर धरून १ लाख ६६ हजार ४०० रुपये होतो. निम्मे उत्पन्न पत्नीच्या नावे दाखवता येईल का, असे त्याने विचारल्यास चॅटबॉट नकार देईल आणि तो नकार योग्यच असेल. पतीने दिलेल्या पैशांतून पत्नीच्या नावे ठेव केली, तरी कलम ६४ अन्वये त्या ठेवीचे व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते.

आता हेच कुटुंब म्हापशात आहे असे समजू. गोव्यात विवाहपूर्व करार करून वेगळी व्यवस्था स्वीकारली नसेल, तर पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. प्राप्तिकर कायदा हे मान्य करतो. १९९४ च्या वित्त अधिनियमाने कलम ५ए घातले आणि ते १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले. त्यानुसार वेतन वगळता प्रत्येक शीर्षाखालील उत्पन्न पती-पत्नींत समान विभागले जाते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ९ लाख येतात. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत पूर्ण सूट असल्याने दोघांचाही कर शून्य. डिंडोलीला बिनचूक ठरलेले उत्तर ऐकून म्हापशातील कुटुंब न लागणारे १ लाख ६६ हजार रुपये भरून बसेल.

चूक उलट्या दिशेनेही होते आणि ती अधिक बोचणारी आहे. पत्नीचे प्रमाणित वजावटीनंतरचे वेतन ११ लाख आणि पतीचा व्यवसाय ६ लाखांचा असेल, तर सर्वसाधारण उत्तर ‘दोघांनाही कर नाही’ असेच येईल. डिंडोलीत ते खरे आहे. गोव्यात मात्र पतीच्या व्यवसायातील ३ लाख पत्नीच्या उत्पन्नात जातात, तिचे उत्पन्न १४ लाख होते, सूट संपते आणि उपकरासह ९३ हजार ६०० रुपये कर लागतो. विभागणी ही सवलत नाही, त्यामुळे ती सोयीनुसार स्वीकारता किंवा नाकारता येत नाही. हीच तरतूद दमण व दीव आणि दादरा व नगर हवेलीलाही लागू आहे. सुरतेच्या दक्षिणेला, वापीजवळच्या दमणमध्येच डिंडोलीचे उत्तर बदलते, हे त्या परिसरातील मराठी कुटुंबांनीही लक्षात घ्यावे असे आहे.

चॅटबॉटला कलम ५ए मुळीच ठाऊक नसते असे नाही; थेट विचारले तर ते त्यावर परिच्छेदही लिहिते. परंतु विवाहास कोणता कायदा लागू आहे, हे आपणहून विचारण्याची जी सवय मडगावच्या साध्या करसल्लागाराला असते, ती या यंत्राकडून गृहीत धरता येत नाही. प्रश्नात उल्लेख नसेल तर ते बहुसंख्यांना लागू पडणारे उत्तर देते. गोवेकर बहुसंख्यांत मोडत नाहीत.

यंत्रावरील विश्वासाचा फटका खुद्द कर खात्यालाही बसला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीची करआकारणी रद्द केली, कारण आदेशात आधार म्हणून दिलेले तीन न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेले निकाल पडताळल्याविना वापरू नयेत, असे न्यायालयाने सुनावले. कंपनीला वकील परवडतो आणि ती उच्च न्यायालयात जाते. पगारदार कुटुंबाच्या हाती येते ती नोटीस. विवरणपत्रावर स्वाक्षरी करदात्याची असते, आणि ‘मोबाइलने सांगितले’ हा बचाव कोणत्याही कलमात नाही.

यंदा गोंधळात आणखी भर आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला. ८०सी आता कलम १२३ आहे, तर गोव्याचे ५ए हे कलम १० झाले आहे. त्याआधीच्या वर्षाचे विवरणपत्र मात्र १९६१ च्या कायद्यानुसारच भरावयाचे. जुन्या मजकुरावर वाढलेली यंत्रे दोन्ही कायद्यांचे क्रमांक एकाच उत्तरात मिसळू शकतात. त्यामुळे वर्ष, विवाहाचा कायदा आणि उत्पन्नाचे शीर्ष या तीन गोष्टी प्रश्नातच लिहिणे आणि उत्तरातील कलम खात्याच्या संकेतस्थळावर पाहणे अपरिहार्य ठरते. पॅन क्रमांक वा फॉर्म १६ तिथे चिकटवण्याची गरज नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी व डीपसीक न वापरण्यास सांगितले होते, ते गोपनीयतेच्याच कारणाने.

वार्षिक माहिती विवरणातील क्लिष्ट नोंदींचा अर्थ सोप्या मराठीत सांगण्याचे काम ही यंत्रे उत्तम करतात, आणि तो लाभ सोडण्याचे कारण नाही. गोव्यातील दांपत्याने मात्र आयटीआर-२ किंवा ३ मधील ‘अनुसूची ५ए’ आधी उघडावी. त्यात जोडीदाराचा पॅन, प्रत्येक शीर्षाखालील विभागणी आणि कापून घेतलेल्या कराचा वाटा भरावा लागतो.