मुसळी कोणी आणि कधी खणायची?

जूनच्या सरींनी जमीन भिजली की भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीच्या आसपास आणि पुढे नवेगाव-नागझिऱ्याच्या पानझडी जंगलात मुसळीची हिरवी पाती वर येतात. त्यांच्या मधून दांडा निघतो, त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुले उमलतात आणि मातीखाली एका लहान गड्ड्याला दोऱ्यासारख्या मुळांनी लोंबलेले मांसल कंद पोसत असतात. धानाची रोवणी चालू असते, घरातले धान्य सरत आलेले असते, त्या दिवसांत ही कोवळी पाती भाजीला कामी येतात. कोकणात फोडशी किंवा कुलू म्हणून जी रानभाजी खातात ती याच क्लोरोफायटम प्रजातीतली. या प्रजातीच्या बहुतेक जाती आफ्रिकेतल्या. त्यातली ट्यूबरोसम ही जात इथिओपियातही उगवते आणि पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीतही. बोरिव्हिलियानम या दुसऱ्या जातीच्या नावात तर आपली बोरिवलीच आहे. बाजार मात्र हा भेद फारसा पाळत नाही. वाळलेला पांढरा कंद म्हणजे सफेद मुसळी, एवढेच त्याला ठाऊक. पातीची भाजी खुडली तर झाड पुन्हा फुटते, पण कंदासाठी खणले की बहुधा ते संपते. जंगलातली मुसळी टिकायची तर ती खणण्याचा निर्णय ज्याच्या त्याच्या हातात राहून चालणार नाही. तो गावाने मिळून घ्यायला हवा.

याचे कारण झाडाच्या वाढीतच दडलेले आहे. मुसळीचे बी पिकून गळते ते पावसाळ्याच्या अखेरीस. त्यानंतर पाती पिवळी पडून सुकतात आणि मग कुठे कंद पक्के होतात. पण पाती सुकली की झाड कुठे होते हेच कळत नाही. म्हणून खणणारा पाती हिरवी असतानाच कुदळ घालतो. तेव्हा बी गळलेले नसते आणि कंदही कोवळा असतो. असा कंद सोलून वाळवला की आक्रसतो आणि त्याला भाव कमी मिळतो. पक्क्या कंदाचेही वाळल्यावर वजन जेमतेम पाचवा हिस्सा उरते. कोवळ्यात तर नुकसान आणखी मोठे. हे खणणाऱ्याला कळत नाही असे मुळीच नाही. आपण थांबलो तर दुसरा नेईल, ही त्याची खरी अडचण आहे. बांबूची खुंटी ठोकून झाडाची खूण करता येते आणि दिवाळीनंतर येऊन खणता येते, पण तीच खुंटी इतरांनाही जागा दाखवते. सगळ्यांनी थांबायचे ठरले असेल तरच त्या खुंटीला अर्थ. शिवाय पुढच्या वर्षीचा कोंब फुटतो तो गड्ड्यातून, नुसत्या कंदातून नाही. कंद काढून घेऊन गड्डा परत मातीत दाबला तर झाड पुन्हा उभे राहू शकते. घाईने, लपूनछपून खणणारा हे करत बसत नाही.

यावर सोपा उपाय सुचवला जातो तो लागवडीचा. शेतात मुसळी पिकली की जंगलावरचा भार हलका होईल, हा विचार वरवर पटतो. पण 2000 सालच्या आसपास मध्य भारतात लागवडीची लाट आली तेव्हा बेण्यासाठी जंगलातलीच मुसळी उपटली गेली, आणि पुढे भाव कोसळले तेव्हा महाग बेणे घेतलेले शेतकरी अडचणीत आले. लागवड जरूर व्हावी, पण रानातला कंद फुकट मिळतो तोवर व्यापारी तिकडेच वळणार. दुसरी सूचना सरसकट बंदीची. बंदीने खणणे थांबत नाही, ते चोरटे होते, आणि चोरट्या खणण्यात घाई अधिक. त्यात ज्या घराला या कंदाच्या पैशांचा आधार आहे त्याचा विचारच नाही. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: गावाने नियम केला तरी बाहेरचा व्यापारी गावातल्याच गरजूला आगाऊ पैसे देऊन तो मोडायला लावेल. हे खरे आहे. म्हणूनच नुसता नियम पुरणार नाही. विक्रीही एकत्र व्हावी लागेल आणि थांबण्याच्या बदल्यात पक्क्या मालाचा वाढीव भाव घराघरात पोचावा लागेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने झाडांची छाटणी आणि वणवे टाळण्यासाठी तेंदूपानांचे उत्पन्न सोडले आणि बांबूवर भर दिला. गाव असा निर्णय घेऊ शकते आणि पाळूही शकते.

कायदा या बाबतीत गावाच्या बाजूने आहे. 2006च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत मुळे आणि कंद स्पष्ट लिहिलेले आहेत आणि हक्कधारकांच्या ग्रामसभेला जैवविविधता राखण्याचा अधिकार दिलेला आहे. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू नाही. पण वनहक्क कायद्याला ती अट नाही. गोंडांबरोबरच ढिवरांसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या जंगल-तळ्यांवर जगणाऱ्या समाजांनाही तो लागू होतो, फक्त ढिवरांसारख्यांना 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो आणि तिथेच दावे अडतात. दावा निकाली निघेपर्यंत 2002च्या जैवविविधता कायद्याखालची गावसमिती आहेच. मुसळी कुठे उरली आहे, किती उरली आहे, याची नोंद ती याच हंगामात करू शकते. सानगडी परिसरातल्या गावांनी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत, खणणे जोरात सुरू होण्याआधी, तीन गोष्टी ठरावात घ्याव्यात: पाती सुकेपर्यंत कुदळ नाही, गड्डा परत मातीत, आणि माल एकत्र विकायचा. वनविभागाने त्या ठरावाला आडकाठी न करता साथ द्यावी.